लहान पोरांच्या सवयी: सिस्टर, आई आणि घरातली बाकीची माणसं

उपकेंद्रातली_ताई (कराड)

नमस्कार मंडळी. मी कराड तालुक्यात एका उपकेंद्रावर आरोग्य सेविका आहे. लसीकरण, गरोदर बायकांची तपासणी, घरभेटी, रजिस्टरं हे रोजचंच. पण लसीकरणाच्या दिवशी सगळ्यात जास्त वेळा कानावर काय पडतं तर "सिस्टर, पोरगं काही खातच नाही ओ, एखादं टॉनिक लिहून द्या की." त्यावर बोलायचंय म्हणून धागा काढला.

सांगायच्या गोष्टी आम्हाला ट्रेनिंगमध्ये भरपूर दिल्यात. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, सहा महिने झाले की वरचं खाणं सुरू आणि अंगावरचं दूध दोन वर्षं आणि पुढंही, वर्षाच्या आत मीठ-साखर नको, मध तर अजिबात नको, हात साबणानं धुवा, मोबाईल देऊ नका. सगळं बरोबर आहे. पण हे एका दमात ऐकवलं की आई मान हलवते, "व्हय सिस्टर" म्हणते आणि बाहेर पडल्या पडल्या रडणाऱ्या पोराच्या हातात पाच रुपयाचा पुडा देते. तिला कळत नाही असं नाही हो, घरी गेल्यावर नेमकं काय बदलायचं तेच तिला सापडलेलं नसतं.

म्हणून मी आधी विचारते. काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत बाळाच्या पोटात काय काय गेलं ते सांगा, पाण्यासकट. मध्ये टोकायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही, नुसतं ऐकायचं. मागं एका आईनं सांगायला सुरुवात केली, उठल्यावर कपभर दूध साखर घालून, मग आजोबांच्या चहात बुडवून खारी, नऊला बिस्किट, अकराला आज्जीबरोबर दुकानात गेलं की चिप्सचं पाकीट, साडेबाराला परत कपभर दूध कारण "सकाळपासनं जेवलंच नाही", आणि एकला ताटावर बसवलं तर तोंड फिरवलं. सांगता सांगता तीच थांबली आणि म्हणाली, "सिस्टर, ह्याला भूक लागायला मधी जागाच नाही की." मग मी एवढंच विचारलं की ह्यातलं कोणतं एक तुम्हाला सोडता येईल? म्हणाली साडेबाराचं दूध. ठरलं. बाकी पुढच्या खेपेला.

माझं म्हणणं असं आहे की पोराच्या सवयी आईला एकटीला धरून बदलत नाहीत. घरात पोराला प्रत्यक्षात कोण भरवतं, कोण दुकानात नेतं, कोण झोपवतं, त्या माणसापर्यंत सिस्टर पोचली पाहिजे आणि एका वेळी एकच गोष्ट धरली पाहिजे. तुमचे काय अनुभव? आया, बाबा, आज्ज्या सगळ्यांनी मोकळेपणानं लिहा, माझ्यासारख्या दुसऱ्या सिस्टर इथं असतील तर त्यांनीही.


मिरजकर_आई

ताई बरं झालं हा विषय काढलात. माझा मुलगा तीन वर्षांचा आहे. मोबाईल समोर धरल्याशिवाय एक घास आत जात नाही. मी कामाला जाते, दुपारचं जेवण सासूबाई भरवतात, त्यांनाही मोबाईलशिवाय जमत नाही, त्यांचं काय चुकतंय म्हणू, पोट तर भरलं पाहिजे ना. दवाखान्यात दाखवायला नेलं तर तिथल्या सिस्टरनी वजन केलं, फाईलवर लिहिलं आणि "मोबाईल बंद करा बरं का" एवढं सांगून पुढच्या पेशंटला हाक मारली. बंद करा हे मलाही माहितीये, कसं करू ते सांगा ना कोणीतरी.

आमच्या मिरजेला दवाखान्यांची काय कमी, १८९४ साली वॉनलेस नावाच्या मिशनरी डॉक्टर साहेबांनी इथं मिशन हॉस्पिटल काढलं, आता तर लांबलांबनं लोक इथं उपचाराला येतात. पण पोराला शांतपणे कसं जेवू घालायचं हे पाच मिनिटं बसून सांगणारं माणूस शोधावं लागतं.


जत_स्टाफनर्स

मिरजकर ताई, मी प्राथमिक आरोग्य केंद्रात स्टाफ नर्स आहे, ह्यावर रोज बोलते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्याच दिवशी मोबाईल पूर्ण बंद करायला जाऊ नका, घरात युद्ध होतं आणि दोन दिवसांत सगळे थकून पुन्हा तिथंच. आधी फक्त जेवताना बंद, आणि तेही आधी एकाच जेवणाला. कोणतं जेवण धरायचं? जे जेवताना घरात जास्त माणसं असतात ते. म्हणजे तुमच्याकडं बहुतेक रात्रीचं. सगळे एकत्र जमिनीवर बसा, पोराचं ताट वेगळं मांडा, त्यात जे तुमच्या ताटात तेच, तिखट तेवढं कमी. आणि मोठ्यांचे मोबाईलसुद्धा दुसऱ्या खोलीत ठेवा, ह्याला काही पर्याय नाही, बाबा एका हातानं रील बघत जेवणार आणि पोराला मिळणार नाही असं होत नाही.

पोरगं रडेल. पहिले काही दिवस कमी खाईल. इथंच घरातली माणसं घाबरतात आणि मोबाईल परत येतो, म्हणून हे मी आधीच सांगून ठेवते की असं होणार आहे. धडधाकट, खेळतं, वजन बरं असलेलं पोरगं दोन-चार दिवस थोडं कमी खाल्ल्यानं आजारी पडत नाही. वजन आधीच कमी असेल, आजारी असेल तर मात्र आधी दाखवा, मग हे.

मोबाईल बघत खाताना पोराला चव कळत नाही आणि पोट भरलंय का तेही कळत नाही, तोंड उघडं दिसलं की घास आत. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ बाईंनी ह्याची एक सोपी वाटणी सांगितलीय आणि मी ती आयांना आपल्या भाषेत सांगते: काय वाढायचं, कधी आणि कुठं बसून जेवायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती हे पोरानं ठरवायचं. आपल्याकडं नेमकं उलटं चालतं, काय पाहिजे ते पोराला विचारतो आणि किती खायचं ते आपण ठरवतो, "अजून एक घास, हा चिऊचा, हा काऊचा" करत. चिऊ-काऊ वाईट नाहीत, गोष्ट सांगून भरवणं चांगलंच, पण पोरानं तोंड फिरवलं की तिथं थांबायचं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्यात, त्यात दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच म्हटलंय आणि २ ते ४ वर्षांना दिवसाला जास्तीत जास्त १ तास, कमी असेल तर आणखी चांगलं. त्याच सूचनांमध्ये १ ते ४ वर्षांच्या मुलानं दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी असंही आहे आणि ३-४ वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसकट १० ते १३ तास झोप. मला विचाराल तर ह्या तिन्ही गोष्टी एकाच धाग्यात आहेत. अंगणात दमलेलं पोरगं जेवतं पण आणि झोपतं पण.

सासूबाईंना एकदा बरोबर घेऊन जा दवाखान्यात.


वाईची_आज्जी

मी सहसा वाचते, लिहीत नाही, नातीनं मराठी टायपिंग शिकवलंय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

दोन्ही सिस्टरांचं बोलणं पटलं पण एक सांगू का, ह्या सगळ्या चर्चेत आज्जी नेहमी आरोपी असते. आज्जीनं दुकानात नेलं, आज्जीनं चहा पाजला, आज्जीनं लाडावलं. सूनबाई सकाळी नऊला बँकेत जाते ती सहाला येते. दिवसभर पोर माझ्याजवळ. ते रडायला लागलं, माझे गुडघे दुखतायत, गॅसवर भाजी आहे, मग मी काय करणार, डब्यातलं बिस्किट काढते. अंगणवाडी ताई येतात, सिस्टर येतात, सूनबाई कधी येणार विचारतात आणि निघून जातात. सगळा दिवस मी सांभाळते ना, मग मला का नाही सांगत? मी अडाणी नाही, सातवी शिकलेय, आणि आमच्या काळात पोरं वाढवलीत.

आम्ही काय द्यायचो, नाचणीचं आंबील, शाळूची भाकरी दुधात कुस्करून, घेवड्याची आमटी, शेंगदाण्याचा गुळाचा लाडू. ते आजही मी करीन, पण मला असं वाटायला लागलंय की आताच्या डॉक्टर लोकांना ते चालत नाही, त्यांना डब्यातली पावडर पाहिजे.


उपकेंद्रातली_ताई (कराड)

आज्जी, तुमची पोस्ट दोनदा वाचली. अगदी बरोबर बोललात. मी तर आता घरी गेले की आधी आज्जीजवळ बसते, मग सूनबाई.

आणि तुम्ही लिहिलेलं सगळं चालतं, पळतं. नाचणीत कॅल्शियम भरपूर. आमटी-भाकरी चांगलीच, त्यावर लिंबू पिळलं तर लोह अंगी लागायला मदत होते. दोनच गोष्टी सांभाळा. शेंगदाणा लहान पोराला अख्खा द्यायचा नाही, पाच वर्षांच्या आत घशात किंवा श्वासनळीत अडकायची भीती असते, फुटाण्यांचंही तसंच, म्हणून कूट करूनच. आणि जेवणाबरोबर किंवा जेवणाच्या मागं-पुढं चहा नको, घोटभरसुद्धा. चहातल्या टॅनिनमुळं जेवणातलं लोह अंगी लागत नाही. आपल्याकडं बशीतला चहा पाजायची पद्धत घराघरात आहे, प्रेमानंच पाजतात, पण लेकरू पांढरंफटक पडतं त्यात ह्याचाही हात असतो. दुधाचंही सांगते, वर्षाच्या पुढच्या पोराला दिवसाला अर्धा लिटरच्या वर नको, नुसत्या दुधावर राहिलेल्या पोरांमध्ये रक्त कमी झालेलं खूप दिसतं, कारण दुधात लोह जवळजवळ नसतंच आणि पोट मात्र भरून जातं.

डब्यातल्या पावडरीबद्दल: धडधाकट पोराला त्याची काही गरज नाही, महागाची साखर असते बऱ्याचशा डब्यांत. डब्यावर साखर किती ते लिहिलेलं असतं, नातीला वाचायला सांगा. आज्जी, तुम्हाला एकच काम देते, बिस्किटाचा डबा फळीवरनं काढून टाका आणि त्याजागी केळं-चिकू-पेरू काहीतरी दिसेल असं ठेवा. रडलं की हात पहिला तिथं जाईल.


कोरेगावचा_बाबा

बापांना पण कोणी विचारत नाही बरं का. मी टेम्पो चालवतो, घरी यायला आठ वाजतात, पोरगी दारात उभी असते आणि पहिला प्रश्न "पप्पा काय आणलंय". रिकाम्या हातानं जायला जीव होत नाही हो. दिवसभर दिसलेलो नसतो, मग आपलं प्रेम म्हणजे ते चॉकलेट, ते पाकीट. बायको ओरडायची की तुझ्यामुळं ही रात्री जेवत नाही आणि मला राग यायचा.

आमच्याकडं घरभेटीला आलेल्या सिस्टर एकदा मी घरी असताना सापडल्या. त्या मला एकदाही नको म्हणाल्या नाहीत. विचारलं, दादा, तुम्ही आल्यावर पोरीला नेमकं काय आवडतं, चॉकलेट का तुम्ही आलात ते? मी गप्पच. मग म्हणाल्या, रिकाम्या हातानं नका येऊ, फक्त पिशवीत काय ते बदला. आता सीझनला जे असेल ते आणतो, बोरं (बिया काढून), चिकू, कलिंगड, महाबळेश्वरकडं भाडं असलं की स्ट्रॉबेरी, आणि ती धुवायचं काम पोरगीचं. पातेल्यात पाणी घेऊन ती एकेक धुते, फरशी सगळी ओली, बायको वैतागते, पण धुतलेलं खाते बघा.

दुसरं एक काम त्यांनी माझ्याकडं दिलं ते रात्रीचं दात घासणं. पोरगीचं आणि माझं एकदम. मी आधी रात्री कधी घासत नव्हतो. सिस्टर म्हणाल्या तुम्ही घासाल ते बघून ती घासेल, सांगून नाही घासणार. आणि पेस्ट किती तर तीन वर्षांच्या आतल्याला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढं वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर दाखवतात तेवढी अजिबात नाही. सहा-सात वर्षांपर्यंत शेवटचा हात मोठ्यांनीच फिरवायचा.

सिस्टरनी बापाशी बोलायची पद्धत सगळीकडं सुरू झाली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.


खटाव_माण

+१ कोरेगावकर. दाताबद्दल अजून एक, रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका, माझ्या भाचीचे पुढचे चारही दात काळे पडून किडले, डेंटिस्टनी तेच कारण सांगितलं.


तासगावकर

सगळं वाचून छान वाटलं पण मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. हे सगळं करायला सिस्टरकडं वेळ कुठाय? आमच्या भागातल्या सिस्टर चांगल्या आहेत, पण लसीकरण, पोलिओ, सर्व्हे, मोबाईलवर माहिती भरणं, साथ आली की फवारणी आणि रक्ताचे नमुने, ह्यातनं त्या "काल काय खाल्लं" कधी विचारणार? मी बघतो ना, बाई जेवायला बसत नाहीत. वरनं म्हणायचं समुपदेशन करा. आणि करून रजिस्टरला एक टिक. हा प्रश्न सिस्टरच्या इच्छेचा नाही, माणसं कमी आहेत त्याचा आहे.

बाकी आमच्या गावाकडची एक सूचना, द्राक्षाचा सीझन आला की लहान पोरांना अख्खं द्राक्ष देऊ नका, उभं चिरून द्या, ते गोल आणि गुळगुळीत असल्यानं घशात जाऊन घट्ट बसतं. आणि बागेतनं आणलं की वाहत्या पाण्याखाली चांगलं धुऊन, फवारणी किती होते ते आम्हाला माहीत आहे. बेदाणे पौष्टिक म्हणून मूठमूठ देतात, ते दाताला चिकटून बसतात, दिल्यावर पाणी पाजा.


आटपाडी_सिस्टर

तासगावकर दादा, राग कशाचा, आमच्या मनातलं बोललात. माणसं वाढवलीच पाहिजेत, त्याबद्दल दुमत नाही. तोपर्यंत आम्ही वेळ कुठनं काढतो ते सांगते, इथल्या दुसऱ्या सिस्टरना उपयोग होईल.

लस दिल्यावर आईला अर्धा तास बसवून ठेवावं लागतं, बाळाला काही रिअॅक्शन येते का बघायला. हा अर्धा तास बायका नुसत्या बसलेल्या असतात, पोरं रडत असतात, मोबाईल निघतात. मी आशाताईंना सांगून त्या सगळ्या आयांना एका सतरंजीवर बसवते आणि बोलायला त्यांनाच लावते. ज्या आईनं बाटली सोडवली असेल तिला म्हणायचं तुम्ही कसं सोडवलं सांगा. दुसऱ्या आयांना माझ्यापेक्षा तिचं पटतं, कारण तिच्याही घरी तसलीच सासू, तसलाच नळ आणि तसलाच पगार असतो. मी फक्त चुकीचं काही निघालं तर मध्ये पडते.

दुसरी गोष्ट कुणाच्या फारशी ध्यानात येत नाही. लसींचं वेळापत्रक बघा. दीड महिना, अडीच, साडेतीन, मग नऊ महिने, मग १६ ते २४ महिन्यांचा डोस, आणि त्यानंतर थेट ५ वर्षांचा बूस्टर. म्हणजे दोन ते पाच वर्षांत, जेव्हा पोराच्या आवडीनिवडी, झोप, मोबाईल, दुकानचं खाणं हे सगळं पक्कं होतं, तेव्हा आई आमच्याकडं टोचायला येतच नाही. मध्ये हाताशी राहतं ते अ जीवनसत्त्वाचा डोस, नऊ महिन्याला १ मिली आणि पुढं दर सहा महिन्याला २ मिली, पाच वर्षं होईपर्यंत. लोकांना वाटतं चमचाभर औषध, नाही दिलं तरी काय होतंय. अहो, त्या निमित्तानं वजन-उंची होते आणि चार शब्द बोलणं होतं. जंताची गोळी पण आहे, १ ते २ वर्षांना अर्धी, त्यापुढं अख्खी, लहानांना चुरून पाण्यातनं. आणि आरबीएसकेची, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, टीम अंगणवाडीत वर्षातनं दोनदा येते तपासायला. त्या दिवशी शक्यतो आईनं किंवा आज्जीनं स्वतः अंगणवाडीत थांबावं, नुसतं पोराला पाठवू नये, म्हणजे जे दिसलं ते तिथल्या तिथं बोलता येतं.


वाळवा_शिक्षिका

एक वेगळा मुद्दा मांडते. आमच्याकडं साखर कारखाने सुरू झाले की बीडकडनं ऊसतोडीच्या टोळ्या येतात, रानात कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात. त्या आया पहाटे अंधारात फडावर जातात, लहानग्याला सात-आठ वर्षांची बहीण सांभाळते. तिथं कुठला मोबाईल आणि कुठलं रात्रीचं ब्रशिंग. तिथल्या पोरांच्या सवयींचं काय करायचं? "सवयी" म्हटलं की आपण नोकरदार घरंच डोळ्यासमोर धरतो असं वाटतं.


उपकेंद्रातली_ताई (कराड)

बाई, फार महत्त्वाचं लिहिलंत. आमच्याही हद्दीत कोप्या पडतात.

तिथं मी दोनच गोष्टी धरते. एक म्हणजे हात. जेवायच्या आधी आणि शी धुतल्यावर, साबणानं, बोटांच्या फटी, नखं, अंगठा सगळं चोळून, वीस सेकंद तरी. साबण नसेल तर चुलीची राख चालते, माती नको. आणि हे मी त्या सात-आठ वर्षांच्या बहिणीला शिकवते, कारण आई बनलीय ती. कोपीच्या खांबाला जुन्या मोज्यात साबणाचा तुकडा घालून बांधायचा, पाण्याचा डबा शेजारी. साबण हरवत नाही, मातीत पडत नाही, पोरांना ते धरून हात चोळायला गंमतही वाटते.

दुसरं, आई पहाटे भाकऱ्या करून जाते तेव्हा धाकट्यासाठी वेगळ्या ताटलीत भाकरी गूळ-कूट लावून झाकून ठेवून जा म्हणते. एकाच टोपलीतनं सगळी खातात तेव्हा सगळ्यात धाकटं मागं राहतं, ते भांडू शकत नाही. वेगळी ताटली ठेवली की त्याचं किती संपलं ते संध्याकाळी आईला दिसतं.

आणि लसीकरणाचं कार्ड. मूळ गाव कुठलंही असो, लस आणि डोस आमच्याकडं मिळतो, अंगणवाडीचा आहारही मागता येतो. मुकादमाला भेटून टोळीतल्या पोरांची यादी घेतली की काम सोपं होतं. तुमच्या शाळेत ह्या मुलांची मोठी भावंडं येत असतील तर कोप्या कुठं आहेत ते तिथल्या सिस्टरला कळवा, खरंच मदत होईल.


पलूस_नवीआई

माझं बाळ चौदा महिन्यांचं आहे. सगळे म्हणतात बारीक आहे, जावेचं गुटगुटीत आहे आणि माझं नाही, रोज ऐकून रडू येतं. टॉनिक देऊ का?


जत_स्टाफनर्स

पलूसच्या ताई, आधी रडू नका. जावेच्या बाळाशी तुलना करून काही कळत नाही, बाळाची तुलना त्याच्याच मागच्या महिन्याशी करायची. माता बाल संरक्षण कार्ड काढा, मागच्या पानांवर वजनाच्या वाढीचा तक्ता असतो, रंगीत रेघांचा. अंगणवाडी ताईंनी प्रत्येक वजनाचा ठिपका काढला पाहिजे, नसेल काढला तर काढून घ्या. ठिपके जोडल्यावर रेघ वर वर चाललीय का ते बघा. बाळ सडपातळ असेल पण रेघ आपल्या वाटेनं वर चाललीय तर ते ठीक आहे. रेघ आडवी झाली किंवा खाली वळली तर मात्र लगेच दाखवायचं, मग बाळ दिसायला गुटगुटीत असलं तरी.

दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी आशाताईंकडं असते. साडेबारा सेंटिमीटर आणि वर हिरवा, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, साडेअकराच्या खाली लाल. लाल आला तर त्याच दिवशी सिस्टर किंवा डॉक्टरांकडं, थांबायचं नाही.

टॉनिक नको, आधी खाणं बघू. ह्या वयात दिवसातनं तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोनदा फळ वगैरे, अंगावरचं दूध चालू असेल तर चालूच ठेवा. वरण-भात पातळ करू नका, चमच्यावरनं ओघळणार नाही इतपत घट्ट, त्यात चमचाभर तूप किंवा तेल. पाण्यासारख्या वरणानं पोट भरतं, अंगाला काही लागत नाही. अंडं खात असाल तर रोज द्या. बिस्किटं, सरबतं, साखर घातलेलं पाणी नको, दोन वर्षांच्या आत गोड पेयं देऊच नका असं जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२३ च्या सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलंय. एखादी भाजी थुंकली म्हणजे आवडत नाही असा शिक्का मारू नका, तीच भाजी आठ-दहा वेळा, कधीकधी जास्तही, थोडी थोडी समोर यावी लागते तेव्हा पोर ती स्वीकारतं. बहुतेक घरं तिसऱ्याच वेळी सोडून देतात.

आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं बारीक म्हटलं तर त्यांना तक्ता दाखवा.


शिराळा_मामी

एक नाजूक विषय आहे पण लिहिते. आमच्याकडं बायका मिश्री लावतात आणि दात येताना हिरड्या शिवशिवतात म्हणून पोरांच्या पण हिरड्यांना बोटानं चोळतात. थोरल्या माणसांना सांगितलं तर राग येतो. सिस्टर लोकांनी ह्यावर काही बोलावं.


आटपाडी_सिस्टर

मामी, मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, हिरडीतनं निकोटीन सरळ रक्तात जातं. लहान बाळाला तर विषच. मोठ्यांना "तुम्ही सोडा" म्हणून सुरुवात केली की बोलणं तिथंच तुटतं, म्हणून मी आधी एवढंच म्हणते की आज्जी, तुमचं तुम्ही बघा पण बाळाच्या तोंडाला तो हात लावायचा नाही, आणि मिश्री लावून झाली की साबणानं हात धुतल्याशिवाय बाळाला घ्यायचं नाही. एवढं बहुतेक जणी ऐकतात. शिवशिवणाऱ्या हिरड्यांना स्वच्छ धुतलेलं बोट किंवा गार पाण्यात भिजवून पिळलेलं स्वच्छ फडकं पुरतं. स्वतः सोडायचा विषय नंतर, त्यांनी आपणहून काढला की. काही जणी काढतातही.


मिरजकर_आई

सासूबाईंना हा सगळा धागा वाचून दाखवला. वाईच्या आज्जींची पोस्ट ऐकून त्या म्हणाल्या, ह्या बाई माझ्याच मनातलं बोलल्या. रात्रीचं जेवण बिनमोबाईलचं करायचं ठरलंय, नवरा पण तयार झालाय. दुपारचं तूर्त तसंच राहू दे म्हणाल्या, मी पण होय म्हटलं.

एक विचारायचं राहिलं, अंगणवाडीतनं लोहाच्या औषधाची बाटली दिलीय, ती दिल्यावर शी काळी होते म्हणून आम्ही बंद केली होती. द्यायची का परत?


उपकेंद्रातली_ताई (कराड)

हो, द्या. लोहामुळं शी काळसर होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आठवड्यातनं दोनदा, दर वेळी १ मिली, वार ठरवून टाका म्हणजे विसरत नाही, मंगळवार-शुक्रवार वगैरे. उपाशीपोटी नको, जेवणानंतर थोड्या वेळानं, दुधाबरोबर नको. जिभेच्या मागच्या बाजूला सोडा आणि वर पाणी पाजा म्हणजे दात काळपट होत नाहीत. ताप किंवा जुलाब असले तर तेवढ्यापुरतं थांबवून बरं वाटल्यावर परत सुरू. शी काळी होण्याऐवजी लालसर रक्त दिसलं किंवा पोट फार दुखतंय असं वाटलं तर ते वेगळं, तेव्हा लगेच दाखवा. बाटली लहानग्याच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, गोडसर असते, एकदम पिऊन टाकलं तर धोका आहे. आणि बाटलीवरची तारीख बघा, बंद करून बरेच दिवस झाले असतील तर अंगणवाडीतनं नवी मागून घ्या.